बीजींच्या पायाखालचं प्लास्टर

विश्वास साळव्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हाडं राहत. मलकागंजच्या बाजारात कुणी "नमस्ते डाक्टरसाब" म्हणून थांबवलं की ते आधी त्याच्या मनगटाकडे बघत, मग गुडघ्याकडे, आणि म्हणत, "डावी नडगी. होळीच्या दिवशी आला होतास, जिन्यावरून पडून." समोरचा खूश होऊन जाई. नाव मात्र त्याचं त्यालाच सांगावं लागे.

ते डॉक्टर नव्हते. नगरच्या बाजूचे, मिशनच्या दवाखान्यात प्लास्टर घालायला शिकलेले, आणि बाविसाव्या वर्षी दिल्लीला येऊन हिंदूराव हॉस्पिटलच्या प्लास्टररूममध्ये जे चिकटले ते अठ्ठावीस वर्षं तिथेच. डॉक्टर येत, दोन वर्षांनी बदलून जात. साळवे तिथेच असत; अंगात पांढरा कोट, कोपरापर्यंत पांढरे हात, आणि नाकाखाली जाड काळी मिशी. ती मिशी हाच त्यांचा एकमेव शौक म्हणायचा. कुणी दिल्लीकर त्यांना "आप महाराष्ट्र से यहाँ कैसे?" असं विचारू लागला तर ते रुबाबात सांगत, "जिनके नाम का हस्पताल है, वो भी ग्वालियर से आए थे. हम तो बाद में आए."

राहायला ते दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर, एका जुन्या दुमजली घरात खालच्या मजल्यावर. पत्नी सुनीती शाळेत भूगोल शिकवायच्या. मुलगी वीणा लुधियान्याला नर्सिंगच्या होस्टेलवर. वरच्या मजल्यावर घरमालकीण, म्हणजे बीजी. फाळणीनंतर गुजरांवाल्याहून आलेल्या, सत्तरीच्या, हाडापेरानं दणकट. पहाटे लाकडी खडावा घालून वर खटखट चालू झाली की साळव्यांच्या घरी घड्याळाची गरज नसे. त्यानंतर लोखंडी खलबत्त्यात मसाला कुटायचं काम. चार वर्षांपूर्वी बीजी गच्चीवर घसरल्या तेव्हा साळव्यांनी त्यांचं मनगट बसवलं होतं. तेव्हापासून बीजींचा कुठल्याही डॉक्टरवर नसेल एवढा विश्वास या विश्वासवर होता.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी दुपारी सुनीतीबाई पलंगावर सातवीचे पेपर तपासत बसल्या होत्या. चहा टाकायला म्हणून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि मागे धप्पकन आवाज झाला. परातीएवढा गिलाव्याचा तुकडा छतावरून सुटून सातवी 'ब'च्या गठ्ठ्यावर पडला होता. भोवती चुन्याची धूळच धूळ.

"अहो! वरचा गिलावा आला खाली!"

साळवे बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी वर पाहिलं. सुनीतीबाईंना वर पाहता येत नव्हतं, कारण सप्टेंबरपासून त्यांच्या मानेला पट्टा होता आणि तो साळव्यांनीच आपल्या हातानं बसवला होता. तेव्हा त्यांनी कपाटातला हातआरसा आणला, पोटाशी आडवा धरला आणि त्यात छत बघितलं.

"फुगलंय की हो बाकीचंही. त्या खिडकीच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं काठीनं वर एकदा ठोकलं, विडी पेटवली आणि म्हणाला, "सारा उतारना पड़ेगा जी. कमरा ख़ाली करो."

साळव्यांना हे फार लागलं. मिस्त्री गेल्यावर ते कितीतरी वेळ धुसफुसत होते. "कुठवर गेलंय ते बघितलं नाही, हात लावला नाही. एकदा ठोकलं आणि सगळं काढा! करंगळी मोडली म्हणून कुणी खांद्यापासून हात कापतं का?"

मग त्यांनी केरसुणीचा दांडा घेतला आणि टेबलावर उभं राहून इंच इंच छत ठोकून पाहिलं. जिथे आवाज भरीव तिथे पुढे सरकायचं, जिथे पोकळ तिथे कोळशानं खूण. तासाभरानं छतावर कोळशाचा एक वेडावाकडा नकाशा तयार झाला. सुनीतीबाईंनी आरशात पाहून सांगितलं की तो बराचसा राजस्थानसारखा दिसतो.

"बाकी छत शाबूत आहे," साळव्यांनी निदान सांगितलं. "एवढाच भाग दगडापासून सुटलाय. सैल झालंय ते काढायचं, उरलेलं दाबून बसवायचं, बांधायचं, आणि तीन आठवडे हलू द्यायचं नाही. मीच करतो."

"अहो, पण ते माणसाचं हाड नाही."

"माणसापेक्षा बरं. ओरडत तरी नाही."

अडचण एकच होती. प्लास्टररूममध्ये पाय धरायला एक माणूस असतो. छत कोण धरणार? सुनीतीबाईंची मान अशी. बाहेरचा कुणी बोलवावा तर बातमी जिन्यानं वर जाणार. बीजींचा भाचा ठेकेदार होता आणि त्यानं त्याच गल्लीतल्या दोन घरांची छतं होळीच्या सुमारास उतरवली होती, ती दिवाळी आली तरी उघडीच होती. बीजींना कळलं की भाचा आलाच म्हणून समजा. तेव्हा काम गुपचूप आणि एकट्यानं करायचं ठरलं.

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी झाला. साळव्यांनी बाजारातून पीओपीचं पोतं आणलं, लोखंडी घमेल्यात पांढरंशुभ्र कालवलं आणि टेबलावर स्टूल, स्टुलावर आपण, अशा थाटात चढून उघड्या दगडावर तळहातानं थापलं. दोन बोटं जाड. अठ्ठावीस वर्षांचा हात तो, असा काही गुळगुळीत फिरला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. खाली उतरून त्यांनी हाक मारली, "सुनीती, आरसा घेऊन ये. बघ!"

सुनीतीबाई आल्या. त्यांनी आरसा धरला. साळवे कमरेवर हात ठेवून, तोंड वर करून, बरोबर त्याच्या खाली उभे राहिले.

"छान झालंय," सुनीतीबाई म्हणाल्या. "पण ते हलतंय का हो?"

साळवे उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात सगळंच्या सगळं एकाच तुकड्यात त्यांच्या तोंडावर आलं.

डोळे आणि नाक त्यांनी लगेच पुसून काढलं. मिशी राहिली. तिच्यात ते ओलं पीओपी मुळापर्यंत शिरलं होतं, आणि ते किती वेळात घट्ट होतं हे दिल्लीत साळव्यांइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? ते खुर्चीवर बसले आणि शांतपणे म्हणाले, "आठ मिनिटं. गरम पाणी आण. नाही, राहू दे. आता उपयोग नाही."

तरी गरम पाणी झालं, मग शिरका झाला. मिशी दगडासारखी ती दगडासारखीच. शेवटी सुनीतीबाईंनी शिवणाची कात्री घेतली. त्यांना मान वाकवता येत नव्हती म्हणून साळवे पलंगावर त्यांच्या समोरासमोर, तोंड पुढे करून बसले, आणि त्यांनी ती पांढरी वीट कापून काढली. मग साळव्यांनी उरलेलं साफ केलं.

सुनीतीबाई बघत राहिल्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचा वरचा ओठ त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"बरे दिसता," त्या म्हणाल्या. "थोडे दुःखी दिसता, पण बरे दिसता."

सोमवारी दवाखान्यात झाडूवाल्यानं त्यांना अडवून विचारलं, "साळवे साब छुट्टी पे हैं क्या?"

साळवे मात्र त्या दिवशी प्लास्टररूममध्ये एका पोराच्या हाताला पट्टी गुंडाळता गुंडाळता एकदम थांबले. नुसतं ओलं प्लास्टर आपण कधी कुणाच्या अंगावर थापतो का? नाही. आत जाळीदार कापड असतं, ते धरून ठेवतं. आणि छताचा दगड कोरडा होता, त्यानं पाणी पिऊन टाकलं आणि माल सोडून दिला. एवढी साधी गोष्ट! त्यांनी पोराला शाबासकी दिली. पोराला कशाबद्दल ते कळलं नाही.

त्यांच्या घरी मागच्या बाल्कनीत कुबड्यांचा ढीग असे. कुणाला गरज पडली की साळवे द्यायचे, बरा झाला की तो परत आणून टाकायचा. गुरुपर्वाच्या सुट्टीला बीजी सकाळीच गुरुद्वाऱ्यात गेल्या, संध्याकाळपर्यंत परत येणार नव्हत्या. त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या आणि साळव्यांनी कामाला हात घातला. बाजारातून आणलेल्या गॉजच्या लांब जाळीदार पट्ट्या कापून ठेवलेल्या होत्या. दगडांच्या सांध्यांत खिळे, खिळ्यांना आडव्या-उभ्या तारा. दगड तीनदा ओला केला. मग पट्टी पीओपीत बुडवायची, पिळायची, तारांतून ओवायची, तळव्यानं दाबायची. एकावर एक, पातळ पातळ. पलंग खोलीच्या मध्ये ओढलेला, त्यावर दोन ट्रंका, ट्रंकांवर साळवे.

शेवटी त्यावर फळी दाबायची होती. प्लायवूडची फळी, वर कापसाची गादी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद. फळी वर लावायची आणि खालून सहा कुबड्यांचे टेकू द्यायचे. इथे तिसरा हात हवा होता. साळव्यांनी क्षणभर विचार केला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि फळी डोक्यावर घेऊन ताठ उभे राहिले. हात मोकळे झाले. एकेक कुबडी उचलून ते तिचा काखेचा भाग फळीखाली सारायला लागले. कुबड्या चार बोटं कमी पडल्या. खाली पाचर हवी.

"सुनीती, काहीतरी जाड दे. लवकर!"

सुनीतीबाईंनी हाताला लागलेली पुस्तकं दिली. आशिया खंड, आफ्रिका खंड आणि भारताचा प्राकृतिक भूगोल, दोन प्रती.

"ऑस्ट्रेलिया पण हवा," वरून आवाज आला.

"तो पातळ आहे हो."

तीन कुबड्या बसल्या, तीन बाकी, डोक्यावर छत, आणि घड्याळाकडे सुनीतीबाईंचे डोळे. तेवढ्यात दाराची कडी वाजली. चौकातला दूधवाला लंगडत आला होता. नगरकीर्तनाच्या मिरवणुकीत त्याचा पाय मुरगळला होता आणि त्याला डाक्टरसाब हवे होते. सुनीतीबाईंनी त्याला सरळ आत आणलं. दूधवाल्यानं बघितलं: पलंग, पलंगावर ट्रंका, ट्रंकांवर बिनमिशीचा, चुन्यानं माखलेला एक माणूस डोक्यानं छत उचलून धरतोय.

"कौन सा पाँव?" माणूस म्हणाला.

"ज-जी, दायाँ."

"अंगूठा हिला. ठीक. अब एड़ी ज़मीन पे रख. दर्द ऊपर जाता है या वहीं रहता है?"

"वहीं रहता है जी."

"हड्डी नहीं टूटी. ठंडा पानी डालो, दो दिन पैर ऊपर रखो. सुनीती, किती झाले?"

"सहा मिनिटं."

दूधवाला दाराकडे उलट्या पावलांनी गेला. जाताना लंगडायचंही त्याला भान राहिलं नाही.

आठव्या मिनिटाला सहावी कुबडी बसली. साळव्यांनी हळूच डोकं काढून घेतलं. फळी हलली नाही. ते खाली उतरले आणि त्यांनी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले. आता तीन आठवडे ही खोली बंद. झोपायचं बाहेरच्या खोलीत, जमिनीवर. एवढं झालं की काम फत्ते.

पण वर बीजी होत्या. खडावा होत्या. खलबत्ता होता.

साळवे सरळमार्गी माणूस. खोटं बोलायची वेळच आयुष्यात फार आली नव्हती, त्यामुळे सवयही नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी ते जिना चढून वर गेले. बीजी उन्हात बसून मेथी निवडत होत्या. छताचं नाव काढायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, असं ठरवून साळवे प्लास्टररूममधल्या आवाजात बोलू लागले.

"बीजी, एक बात कहनी थी. तीन हफ़्ते आराम चाहिए. ज़्यादा चलना-फिरना नहीं. खड़ाऊँ बिल्कुल बंद. कूटना-पीटना बंद. अभी कच्चा है, झटका लगा तो सब बैठ जाएगा."

बीजींच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांनी साळव्यांकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत हा माणूस आपणहून कधी वर आला नव्हता. चेहरा उतरलेला. आणि मिशी? मिशी साफ उतरवलेली. घरात कुणी गेलं म्हणजे उतरवतात तशी.

"विसवास," त्यांनी स्वतःकडे बोट दाखवून हळू आवाजात विचारलं, "मैनूँ की होया है?"

साळवे गडबडले. "कुछ नहीं बीजी. बस, आराम." आणि पुढचं काही विचारायच्या आत भराभर जिना उतरले.

संध्याकाळी ते घरी आले तर वर सामसूम. खडावांचा आवाज नाही, कुटणं नाही. "बघ," ते सुनीतीबाईंना म्हणाले, "समजावून सांगितलं की माणसं ऐकतात."

पुढचा दिवसही शांत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला आणि बीजींचे करनालचे भाऊ-भावजय उतरले. दुपारी रोहतकची बहीण आली, बरोबर तिच्या दोन सुना आणि पाच नातवंडं. चौथ्या दिवशी ठेकेदार भाचा आला, सहकुटुंब. लुधियान्याहून आणखी कुणी नातेवाईक मोठी ट्रंक घेऊन आले. वर खाटा ओढल्या जाऊ लागल्या. पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळू लागली. बारा माणसांचा स्वयंपाक, मग अठरांचा, आणि खलबत्ता आता दोन्ही सुना पाळीपाळीनं चालवत होत्या.

खाली साळवे आणि सुनीतीबाई बंद खोलीच्या दारात उभे होते. सुनीतीबाईंच्या हातात आरसा.

"हललं का?"

"नाही."

वर काहीतरी धाडकन पडलं.

"आता?"

"आफ्रिका खंड थोडा सरकला. छत तिथेच आहे."

"पण एवढी माणसं कशाला आलीत? कुणाचं लग्न आहे का?"

"मी कशी सांगणार? जाऊन विचारा."

पाचव्या दिवशी सकाळी वरून गुरबाणीच्या पाठाचे सूर येऊ लागले. साळवे कोट घालून निघाले होते, ते तसेच जिना चढले. खोलीत पांढऱ्या चादरीवर माणसं बसलेली. कोपऱ्यात खाटेवर, रजई गळ्यापर्यंत ओढून बीजी. उशाशी संत्री, डाळिंबं आणि सफरचंदांचा डोंगर. पाठ संपताच साळव्यांना बघून करनालचे भाऊ उठले, त्यांनी दोन्ही हातांनी साळव्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी.

"डाक्टरसाब, सच-सच बताओ. कितने दिन?"

"तीन हफ़्ते," साळवे म्हणाले, कारण त्यांच्या डोक्यात छतच होतं.

बायकांत एकच हुंदका फुटला. रोहतकच्या बहिणीनं पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठे साळव्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचे कान तापले. अठ्ठावीस वर्षांत आपण एकाही ठणठणीत माणसाला खाटेवर पाडलं नव्हतं, तेही करून दाखवलं.

"नहीं, नहीं! बीजी को कुछ नहीं है!" ते ओरडलेच. "बीजी बिल्कुल ठीक हैं. वो... मेरी छत... नीचे की छत का प्लास्टर कच्चा है. मैंने ख़ुद किया. इसलिए कहा था, चलना-फिरना नहीं."

ठेकेदार भाच्यानं कान टवकारले. "छत? कौन सी छत?"

बीजींनी रजई बाजूला केली आणि उठून बसल्या.

"और मूँछ?"

"मूँछ पे गिर गई, बीजी."

"की गिरा?"

"छत."

बीजींचा चेहरा लाल झाला. साळव्यांनी मान खाली घातली, आता घर सोडावं लागणार असं त्यांना वाटलं. पण बीजींचा राग निराळाच होता.

"पंज दिन!" त्या गरजल्या. "पंज दिन से खिचड़ी खा रही हूँ मैं! सब के सामने मक्खन वाले परौंठे बनते रहे, और मैं खिचड़ी!"

आणि मग त्या हसायला लागल्या. हसताना त्यांची खाट करकरत होती. करनालचे भाऊ आधी रडत होते, ते रडता रडताच हसू लागले. कुणीतरी साळव्यांच्या हातात लस्सीचा ग्लास दिला. बीजींनी तिथल्या तिथे खडावा मागवल्या, जिना उतरून खाली आल्या, त्यांच्यामागे सगळं गोत. वीस माणसांनी दाटीवाटीनं उभं राहून पलंग, ट्रंका, आशिया, आफ्रिका आणि सहा कुबड्या पाहिल्या. सुनीतीबाई प्रत्येकाला आरसा देऊ करत होत्या, त्यांना वाटलं सगळ्यांनाच लागतो.

भाचा पुढे झाला. "मासी, इसको सारा खोलना पड़ेगा."

"तू चुप कर," बीजी म्हणाल्या. "तिन्न दिन से वीह बंदे ऊपर कूद रहे हैं. कुछ गिरा?"

काही गिरलं नव्हतं.

त्या दिवशी साळव्यांना दवाखान्यात जायला दीड तास उशीर झाला, असा उशीर पहिलाच. दुपारी सगळ्यांचं जेवण बीजींकडे होतं, साळवेही सुट्टीत येऊन जेवून गेले. सुनीतीबाईंना खास वेगळं ताट, मान न वाकवता खाता येईल असं उंच पाटावर ठेवलेलं. संध्याकाळपर्यंत पाहुणे एकेक करून निघाले. फळांचा अर्धा डोंगर खाली साळव्यांकडे आला आणि तो संपायला आठवडा लागला.

तीन आठवड्यांनी साळव्यांनी फळी उतरवली. एक कुबडी काढली, थांबले, कान दिला, दुसरी काढली. शेवटच्या कुबडीआधी त्यांनी डोक्याला पुन्हा टॉवेल गुंडाळून घेतला. पट्ट्यांचा भाग बाकीच्या छतापेक्षा पांढरा होता आणि कापडाची बारीक वीण त्यावर उमटली होती. ठोकून पाहिलं. भरीव आवाज आला. रंग मात्र त्यांनी मुद्दाम दिला नाही. डिसेंबरात दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांच्या घरी प्रार्थनेला जमली तेव्हा निम्म्या लोकांचं लक्ष वरच होतं, आणि साळव्यांना ते अजिबात वाईट वाटलं नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढची काही वर्षं सुट्टीच्या दिवशी साळवे पिशवीत गॉज घेऊन लोकांची छतं ठोकत हिंडत. कुणाला "तीन आठवडे थांबा" म्हणत, कुणाला खरंच सगळं उतरवायला सांगत, आणि मग त्या घरात तासभर बसून समजूत काढत. आता ते आधी वरच्या मजल्यावर जात, आणि पहिल्याच वाक्यात सांगत, "छत के बारे में आया हूँ."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते वीणाकडे नोएडाला राहायला गेले. तिथल्या सेक्टरातलं नवं काँक्रीटचं घर, छत गुळगुळीत, कुठे ठोकलं तरी एकच आवाज. साळव्यांना पहिले काही महिने कंटाळा आला. मग एकदा समोरच्या फ्लॅटमध्ये पीओपीची नक्षी करणारे कारागीर आले. साळवे त्यांना बघायला सकाळी नऊला गेले ते जेवायच्या वेळीही परतले नाहीत. वीणा बोलवायला गेली तर बाबा उलट्या घमेल्यावर बसून कारागिरांच्या चहातला वाटा पीत होते, आणि त्यांचा उस्ताद आपलं मनगट त्यांच्यापुढे धरून विचारत होता, "बाबूजी, ये सर्दी में दुखता क्यों है?"

"पहले ये बता," साळवे मनगट फिरवत म्हणाले, "बचपन में किस पेड़ से गिरा था?"

उस्ताद आ वासून बघत राहिला. "जामुन के," तो म्हणाला.

"बाबा, जेवायला चला ना, यार," वीणा म्हणाली.

"आलो, आलो. दहा मिनिटं दे. ह्याचं हाड जरा वाकडं जुळलंय."